फोटोखालची ओळ

प्रश्न : वाचनालयात जुन्या मुंबईच्या फोटोंचं एक जाडजूड पुस्तक चाळायला मिळालं. राजेरजवाड्यांच्या फोटोखाली नाव, पदवी, गाव, सगळं होतं. शेठ-सावकारांचीही नावं होती. काही पानांवर मात्र ‘कोळी स्त्रिया’, ‘वंजारी’, ‘फकीर’ एवढंच. फोटो तितकेच स्पष्ट, चेहरेही सहज ओळखू येतील असे. या माणसांना त्यांची नावं कुणी विचारलीच नाहीत का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बहुतेक वेळा नाहीत. आणि हा विसरभोळेपणा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात माणूस कॅमेऱ्यासमोर दोन वाटांनी येत असे. एक तर तो स्वतः पैसे मोजून येई. फोटो त्याच्यासाठी निघे आणि त्याच्या घरी जाई. नाहीतर त्याला कुणीतरी बोलावून आणी, हवं तसं उभं करी, आणि फोटो तिसऱ्याच कुणाकडे जाई. पहिला गिऱ्हाईक, दुसरा नमुना. गिऱ्हाइकाचं नाव वहीत लिहावंच लागतं. नमुन्याचं नाव मात्र अडचणीचं ठरतं. ज्याला ‘वंजारी कसा असतो’ हे दाखवायचं आहे, त्याला समोरचा माणूस अमक्याचा मुलगा, तमक्या तांड्यातला, हे नको असतं. नाव लिहिलं की तो एकटा माणूस होतो, साऱ्या जातीच्या वतीनं उभा राहू शकत नाही.

तुम्ही पाहिलेलं पुस्तक कोणतं ते तुम्ही कळवलेलं नाही, पण मुंबईत या प्रकाराची सुरुवात फार लवकर झाली. पॅरिसमध्ये दागेरची पद्धत १८३९ साली जाहीर झाली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची आणि मुंबईची १८५४ ची, म्हणजे जेमतेम वर्षाचं अंतर. मुंबईच्या सोसायटीच्या संस्थापकांत विल्यम जॉन्सन नावाचा सरकारी नोकरीतला एक इंग्रज होता. त्यानं मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या जातीजमातींचे फोटो घेऊन दोन खंडांचं पुस्तक काढलं. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. नागर ब्राह्मण, भाटिया, मेमण अशी एकेका समाजाची पानं, प्रत्येक पानावर चिकटवलेला खरा फोटो आणि सोबत त्या समाजाचं वर्णन.

या पुस्तकातल्या फोटोंकडे जरा वेळ देऊन पाहावं. माणसांच्या पायाखालची जमीन आणि मागचं दृश्य यांचा मेळ बसत नाही. कारण जॉन्सननं माणसं एका काचेवर टिपली, मागचा देखावा दुसऱ्या काचेवरून घेतला आणि छापताना दोन्ही जोडले. ती माणसं त्या इमारतीसमोर कधी उभी राहिलेलीच नव्हती. त्यांना त्यांच्या अंगणातून, ओटीवरून, दुकानातून उचललं आणि पुस्तकाला शोभेल अशा जागी नेऊन ठेवलं. माणसाचा फोटो काढताना त्याची जागाही काढून घेता येते, हे मला या पुस्तकानं पहिल्यांदा नीट दाखवलं.

जॉन्सनचं पुस्तक हा एका माणसाचा उद्योग होता. त्याच सुमारास हाच उद्योग सरकारनंही हाती घेतला. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांना हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचा खासगी संग्रह करायची हौस होती. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांना त्यांनी कॅमेरे सोबत न्यायला सांगितलं. मध्येच १८५७ चा उठाव झाला आणि हौसेला सरकारी गरजेचं रूप आलं. आपण ज्यांच्यावर राज्य करतो ते लोक कोण आहेत आणि त्यांच्यापैकी कुणावर विश्वास टाकावा, हे राज्यकर्त्यांना आता फोटोंतून हवं होतं. १८६८ ते १८७५ या काळात लंडनच्या इंडिया म्युझियमनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावानं आठ खंड प्रसिद्ध केले. फॉर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्यांचे संपादक. त्यांत ४६८ फोटो आहेत. काही सरदार-जमीनदारांची नावं येतात, बाकीच्यांच्या वाट्याला जमातीचं नाव. शेजारच्या मजकुरात अख्ख्या जमातीचा स्वभाव दोन-तीन वाक्यांत सांगून टाकलेला. हे कष्टाळू, ते भांडखोर, हे उठावात आमच्या बाजूनं राहिले, ते नाहीत. फोटोतला माणूस मुकाट समोर पाहतो आहे, आणि त्याच्या साऱ्या भाऊबंदांचा निकाल शेजारच्या ओळींत लागलेला आहे.

हे पुस्तक ज्यांच्याविषयी होतं त्यांच्यापैकी कुणी ते पाहिलं तर काय होई, याची एक नोंद उपलब्ध आहे. सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनला गेले तेव्हा मुलांना घेऊन इंडिया ऑफिसमध्ये गेले होते. तिथं हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या चित्रांचं पुस्तक होतं. त्यांचा मुलगा सय्यद महमूद ते चाळू लागला. एक तरुण इंग्रज, बहुधा सनदी नोकरीची परीक्षा नुकताच उतरलेला, जवळ आला आणि थोड्या वेळानं त्यानं विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद हो म्हणाला, पण त्याचा चेहरा लाल झाला, आणि लगेच त्यानं खुलासा केला की आपण हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशांपैकी नव्हे, आपले पूर्वज बाहेरून आलेले. सर सय्यदांनी हा प्रसंग पत्रात लिहून ठेवला. हिंदुस्थानात साहेब म्हणून निघालेली ही पोरं असली चित्रं पाहून आमच्याविषयी काय मत करून घेतील, ही त्यांची व्यथा होती.

मला त्या पत्रातला खुलाशाचा भाग जास्त बोचतो. पुस्तकानं अपमान केला होता सगळ्यांचाच. पण त्यातून सुटायची जी वाट त्या मुलाला सुचली ती अशी की, मी त्यांतला नाही. ते जे कुणी आहेत ते असोत, मी वेगळा. अशा पुस्तकांची ताकद इथं दिसते. नुसतं इंग्रज वाचकाचं मत बनवून ती थांबत नाहीत. पुस्तकात सापडलेल्या माणसालाही शेजारच्या पानावरच्या माणसापासून लांब सरकायला लावतात.

आणि म्हणूनच सगळा दोष गोऱ्या हातांवर टाकता येत नाही. मुंबईच्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजीही होते. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे हे दोघे भाऊ, दोघंही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. भायखळ्याच्या संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव आहे, म्हणून ते सर्वांना ठाऊक असतात. नारायण दाजी मात्र आपल्याकडच्या अगदी पहिल्या फोटोग्राफरांपैकी एक, आणि त्यांनीही मुंबईत निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांचे फोटो काढले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या फोटोग्राफीच्या वर्गात शिकून पुढं मुंबईत स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र चिंतामण यांनीही जातीजमातींचे फोटो काढले. शिकलेल्या, प्रतिष्ठित मराठी माणसानं कॅमेरा हाती घेतला तेव्हा जोगी-फकिराच्या फोटोखाली जोगी-फकीर एवढंच लिहिणं त्यालाही खटकलं नाही. कॅमेऱ्याच्या मागचा आणि पुढचा एकाच शहरात राहत होते, कदाचित एकाच रस्त्यानं रोज जातही असतील, पण नाव विचारण्याइतकी बरोबरी त्यांच्यात नव्हती.

उलटं उदाहरणही देतो. १८५७ च्या आधी लखनौमध्ये अहमद अली खान नावाचे फोटोग्राफर होते. लोक त्यांना छोटे मियाँ म्हणत. त्यांनी शहरातल्या इंग्रज अधिकाऱ्यांचे, त्यांच्या बायकामुलांचे पुष्कळ फोटो काढले. उठावानंतर त्या अल्बमांत फोटोंशेजारी नावं आणि कोण कुठं मारलं गेलं याच्या नोंदी लिहिल्या गेल्या. तिथं एकेक जीव मोजला गेला. त्याच इंग्रज घरांच्या फोटोंत मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आया कितीदा तरी दिसते. मुलाचं नाव असतं, तारीख असते, वय असतं. तिच्यासाठी ‘आया’.

आता फोटो कसा घेतला जाई तेही पाहू, कारण मान-अपमान त्या रसायनातही मुरलेला होता. १८५१ पासून ओल्या काचेची पद्धत आली. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारखोलीत जाऊन धुवायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. फोटो घ्यायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही. म्हणून डोक्यामागं लोखंडी आकडा लावलेला एक उभा दांडा असे. जुन्या फोटोत उभ्या माणसाच्या टाचांमागं बारकाईनं पाहा, कधी कधी त्या दांड्याचं जड बूड डोकावतं. राजाला हा आकडा लागे तसाच हमालालाही. फरक इतकाच की राजा दांड्यापुढून बाजूला होऊन निघालेला फोटो पाहू शके, आणि नाही आवडला तर पुन्हा काढायला लावू शके.

या काचेला निळा प्रकाश चटकन कळे, लाल-पिवळा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळं कपाळावरचं लाल कुंकू फोटोत काळं पडतं. हळदीचा पिवळा गडद होतो. निळीत रंगवलेलं लुगडं फिकट, कधी कधी पांढरट दिसतं. आणि गव्हाळ किंवा सावळी कातडी आहे त्याहून पुष्कळ काळी उमटते. माणसांचे वर्ण आणि वंश लावायला निघालेल्या पुस्तकांत हे फोटो पुरावा म्हणून छापले गेले. रसायनाच्या दोषानं आलेला काळेपणा पाहणाऱ्याच्या लेखी त्या माणसांचाच झाला.

नाव असलं म्हणजे सन्मान झाला, असंही समजू नका. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशाह जफर याचा एक फोटो आहे. १८५८ सालचा, मे महिन्यातला. रॉबर्ट टायटलर आणि चार्ल्स शेपर्ड यांनी तो काढला असं मानलं जातं. बादशहावरचा खटला संपलेला होता, रंगूनला रवानगी अजून व्हायची होती. म्हातारा पलंगावर टेकून बसला आहे, हुक्क्याची नळी जवळ, नजर थेट समोर. त्याच्या वाडवडिलांनी आपली चित्रं दरबारी चितारांकडून काढून घेतली. डोक्यामागं तेजोवलय, हातात बाज किंवा रत्न, कुठं बसायचं आणि कसं दिसायचं हे त्यांनी ठरवायचं. कॅमेऱ्यासमोर बसलेला हा एकमेव मुघल बादशहा, आणि तोही कैदी म्हणून. नाव, पदवी, घराणं, सगळं ठाऊक असूनही त्या चित्रातलं काहीही त्याच्या हातात नव्हतं.

याहून भयंकर उदाहरण अमेरिकेतलं आहे. हार्वर्ड विद्यापीठातला लुई अगासी हा नामांकित निसर्गशास्त्रज्ञ. काळी आणि गोरी माणसं मुळातच वेगवेगळी निर्माण झाली, असं त्याचं मत होतं, आणि त्यासाठी त्याला पुरावे हवे होते. १८५० साली साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावी जोसेफ झीली या फोटोग्राफरकडून त्याच्यासाठी सात गुलाम माणसांचे फोटो काढवले गेले. त्यांत बायकाही होत्या. काहींना पूर्ण विवस्त्र, काहींना कमरेपर्यंत उघडं करून. या फोटोंना चिठ्ठ्या आहेत आणि त्यांवर नावं आहेत. रेन्टी, त्याची मुलगी डीलिया, जॅक, त्याची मुलगी ड्राना. पण नावाच्या पुढं मालकाचं नाव आहे, शेतावरच्या अवजारावर घालावं तसं. हे फोटो हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाच्या माळ्यावर १९७६ साली सापडले. रेन्टी आपला पूर्वज असल्याचं सांगणाऱ्या एका स्त्रीनं २०१९ साली विद्यापीठावर दावा लावला. तिचं म्हणणं असं की, ज्यांना नकार देण्याचा अधिकारच नव्हता त्यांचे फोटो विद्यापीठाच्या मालकीचे कसे? २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं मालकी तिला दिली नाही, मात्र विद्यापीठाच्या वागण्यानं झालेल्या मनस्तापाबद्दल तिला दाद मागता येईल असं म्हटलं. २०२५ साली तडजोड झाली. हार्वर्डनं ते फोटो सोडायचं कबूल केलं आणि ते साउथ कॅरोलायनातल्याच चार्ल्सटनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे द्यायचं ठरलं. फोटो काढल्याला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होत आली होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नात मी थोडी भर घालेन. खाली नाव आहे का हे बघाच. पण फोटो कुणी मागवला, खालची ओळ कुणी लिहिली आणि फोटो अखेर कुणाच्या पेटीत गेला, हेही विचारा.

प्रश्न : फोटोसमोर बसणाऱ्याच्या हातात मग काहीच नव्हतं का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : पुष्कळ होतं, जर तो स्वतःच्या पायांनी स्टुडिओची पायरी चढला असेल तर. अमेरिकेचंच उदाहरण पुढं नेतो, कारण रेन्टीची मान जिथं वाकवली गेली त्याच देशात, त्याच काळात, दोन माणसांनी कॅमेरा आपल्या कामाला लावला.

फ्रेडरिक डग्लस गुलाम म्हणून जन्मला, १८३८ साली पळून सुटला, जुनं आडनाव टाकून त्यानं नवं घेतलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्वांत जास्त वेळा फोटो काढून घेतलेला माणूस तो आहे, अब्राहम लिंकनपेक्षाही जास्त. त्याचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो अभ्यासकांनी शोधून काढले आहेत. १८६१ साली, यादवी युद्ध सुरू असताना, बोस्टनमध्ये त्यानं चित्रं आणि फोटो या विषयावर व्याख्यान दिलं. गोरे चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा काढताना तो आपल्या कल्पनेप्रमाणे वाकवतात, ही त्याची जुनी तक्रार होती. कॅमेरा त्याला जास्त प्रामाणिक वाटे. तो फोटोसाठी हसत नसे. त्या वेळी दात दाखवून हसणारा, मालकाच्या घरी सुखात असलेला गुलाम चित्रांतून आणि तमाशांतून दाखवण्याची चाल होती. डग्लसनं ते चित्र पुसायला घेतलं होतं. कडक इस्त्रीचा कोट, भांग नीट, कपाळाला आठी, आणि नजर अशी की पाहणाऱ्यानंच आधी डोळे खाली घ्यावेत.

सोजर्नर ट्रुथची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. नऊ वर्षांची असताना तिला मेंढरांच्या कळपासकट शंभर डॉलरला विकलं होतं. सुटका झाल्यावर तिनं स्वतःसाठी हे नाव घेतलं आणि गुलामगिरीविरुद्ध गावोगाव भाषणं केली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीनं पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, तळहाताएवढ्या स्वस्त फोटोंचं पेटंट घेतलं होतं. एकाच काचेवर आठ फोटो निघत, म्हणून किंमत उतरली आणि असे फोटो विकत घेणं, अल्बमात लावणं याचं लोकांना वेड लागलं. ट्रुथनं आपले असे फोटो काढून घेतले. पांढरी टोपी, खांद्यावर शाल, हातात विणकाम. सभेत ती ते विकायची आणि त्यावर गुजराण करायची. खाली तिनं छापून घेतलं होतं की, देहाला पोसण्यासाठी ती आपली सावली विकते. आणि १८६४ साली त्या फोटोंचे हक्क तिनं स्वतःच्या नावावर नोंदवले. असे हक्क सहसा फोटोग्राफरचे असत. जिला एकदा दुसऱ्यांनी विकलं, तिनं आता काय विकायचं, कितीला आणि खाली काय लिहायचं हे स्वतः ठरवलं.

आपल्याकडे जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह यांनी राजवाड्यात फोटोखाना थाटला, ओल्या काचेवर स्वतः फोटो काढले आणि स्वतःचेही काढून घेतले, त्यांत शिवभक्ताच्या वेषातलेही आहेत. इंग्रज ज्याला फक्त एक संस्थानिक म्हणून अल्बमात लावत, त्यानं आपण आणखी काय आहोत ते दाखवलं. पण त्यांनी जनान्यातल्या स्त्रियांचेही फोटो घेतले. तिथं काचेमागं महाराज होते आणि समोर त्यांच्याच आश्रयानं राहणाऱ्या बायका. सत्ता इतकी सरळ रेषेत चालत नाही.

मराठी वाचकांनी अनेकदा पाहिलेला एक फोटो या संदर्भात पुन्हा पाहावा असा आहे. ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या तिघी, साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियन पोशाखातल्या दमास्कसच्या सबात इस्लामबूली. एका अर्थानं हा जॉन्सनच्या पुस्तकातल्या पानासारखाच फोटो आहे. पूर्वेकडच्या तीन देशांच्या तीन स्त्रिया, आपापल्या वेषात, पाहणाऱ्या अमेरिकनांचं कुतूहल भागवायला. कॉलेजलाही आपली कीर्ती कुठवर पोचली ते दाखवायचं असणार. पण आनंदीबाईंनी निघण्यापूर्वीच, १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत सांगितलं होतं की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. ती साडी त्यांच्यावर कुणी फोटोपुरती नेसवलेली नव्हती. थंडीत, टीकेत, आजारपणात त्यांनी ती निवड टिकवली होती. या फोटोखाली तिघींची नावं आणि गावं आहेत. नमुना आणि माणूस दोन्ही एकाच चौकटीत बसलेले, आणि माझ्या मते इथं माणसानं मात केली. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली. पुढच्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या.

प्रश्न : पोलीस आरोपीचा एक फोटो समोरून आणि एक बाजूनं घेतात. हेही याच काळातलं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हो. पॅरिसच्या पोलीस खात्यात कारकून म्हणून लागलेल्या अल्फाँस बर्तियाँनं १८८० च्या दशकात ही रीत घालून दिली. सोबत शरीराची मापं घ्यायची, आणि बाजूचा फोटो मुख्यतः कानासाठी, कारण वेष, दाढी, वजन बदललं तरी कानाचा आकार फारसा बदलत नाही. बंगालच्या पोलिसांनी मापांची पद्धत उचलली खरी, पण १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांनी तिला मागं टाकलं. ठशांच्या त्या पद्धतीमागं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचं मोठं काम आहे. फोटोची समोरून-बाजूनं ही मांडणी मात्र राहिली. त्याच सुमारास अंदमानात मॉरिस पोर्टमन तिथल्या आदिवासींना चौकटी आखलेल्या पडद्यासमोर उभं करून असेच फोटो घेत होता. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता.

प्रश्न : आमच्या घरी पणजोबा-पणजींचा पुठ्ठ्यावरचा जुना फोटो आहे. मागं पणजोबांचं पूर्ण नाव लिहिलंय, पणजीचं नाहीच. अशा फोटोत काय काय बघावं?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : तुम्ही इंदूरच्या, म्हणून आधी पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला किंवा मागं छापलेलं स्टुडिओचं नाव वाचा. लाला दीनदयाळ यांची कारकीर्द तुमच्याच गावी सुरू झाली. बांधकाम खात्यात नोकरी करता करता ते फोटो काढू लागले, पुढं सिकंदराबादला आणि १८९६ साली मुंबईत त्यांनी स्टुडिओ उघडले. स्टुडिओच्या नावाबरोबर पदकांची चित्रं आणि त्यांवर साल असेल तर फोटो त्या सालानंतरचा, एवढं नक्की. पुठ्ठा तळहाताएवढा असेल तर तो जुन्या धर्तीचा, त्याहून मोठा, साधारण साडेसहा इंच उंचीचा असेल तर १८६६ नंतर आलेल्या कॅबिनेट धर्तीचा.

मग कोण बसलंय आणि कोण उभं आहे ते पाहा. खुर्ची, फुलदाणी, हातातलं पुस्तक, मागचा रंगवलेला खांब हे बहुधा स्टुडिओचं सामान, त्यावरून घरची श्रीमंती ठरवू नका. अंगावरचे दागिने मात्र घरचे असण्याचा संभव जास्त. पणजीच्या कपाळावर काळा ठिपका दिसला तर तो लाल कुंकवाचा.

त्या काळी बाईचा फोटो निघणंच अवघड होतं. परक्या पुरुषानं तिच्याकडे इतका वेळ टक लावून पाहायचं, पदर नीट करायला सांगायचं, हे पुष्कळ घरांत चालत नसे. दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथलं काम एका इंग्रज बाईकडे दिलं, ते यासाठीच. तेव्हा तुमच्या पणजीचा फोटो आहे हेच घरात कुणीतरी आग्रह धरल्याचं लक्षण आहे. तो आग्रह कुणाचा होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून बघा.

आणि तिचं नाव लिहा, आजच. माहेरचं नाव आणि लग्नात ठेवलेलं नाव, दोन्ही. माहेरचं आडनाव आणि गावही. फोटो स्वच्छ कागदावर पालथा ठेवा, मागच्या बाजूला कडेशी, मऊ पेन्सिलीनं, न दाबता लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उतरते. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आठवणीतून कुणी सांगितलं असेल तर सांगणाऱ्याचं नाव आणि आजची तारीखही शेजारी घाला, म्हणजे पुढच्या पिढीला ही माहिती कुठून आली ते कळेल.